किनाऱ्याची लांबी आणि मेंदूची लय

आमच्या शाळेतून ज्या विद्यार्थ्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी दहावीची परीक्षा दिली, त्यांना भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी अजून तोंडपाठ असेल : ७,५१६ किलोमीटर. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात मात्र हीच लांबी ११,०९८ किलोमीटर अशी नोंदवलेली आहे. महाराष्ट्राचा किनारा पूर्वी ६५२ किलोमीटर मानला जाई, तो आता ८७७ किलोमीटर झाला. शिवाय आपण शाळेत पाठ केलेला ७२० हा आकडा तिसराच. मधल्या काळात समुद्राने जमीन सोडली नाही, की आपण कोणाचा मुलूख जिंकला नाही. फरक पडला तो मोजण्याच्या पट्टीत. १९७० च्या दशकातील मोजणी एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, नवी मोजणी एकास अडीच लाख प्रमाणाच्या नकाशावरून झाली. पहिल्या नकाशात दाभोळची किंवा जयगडची खाडी म्हणजे रेघेला पडलेली एक बारीकशी चुणी; दुसऱ्या नकाशात त्याच खाडीचे दोन्ही काठ आत शिरून बाहेर येतात आणि प्रत्येक वळण आपली लांबी पदरात टाकून जाते.

स्मरणिकेत मेंदूविषयी लिहावयाचे ठरवून आम्ही समुद्रावर का गेलो, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, मेंदूच्या विद्युतलहरींचा अभ्यास करणारे संशोधक गेली तीन-चार दशके जे गणित वापरीत आहेत, त्याचा जन्म किनाऱ्याच्या या कोड्यातून झाला. कोडे समजले की पुढचे सारे दहावीच्या गणितात बसते. आणि ते समजून घेण्याची गरज आपल्या समाजाला आहे असे आम्हांस का वाटते, तेही पुढे येईलच.

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. शेजारी राष्ट्रे आपल्या सामाईक सरहद्दीची लांबी वेगवेगळी सांगतात! हा गृहस्थ युद्धविरोधी होता. राष्ट्रे एकमेकांशी का लढतात याचा तो आकडेवारीने शोध घेत होता आणि त्या ओघात सरहद्दी मोजीत होता. कंपासाचे पाय जितके जवळ आणावेत तितकी रेषा लांब भरते, हे त्याने दाखविले. ही टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १९६१ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या आधारे बेनुआ मँडेलब्रो यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. त्यांचे उत्तर असे की, लांबी विचारण्यातच अर्थ नाही. पट्टी लहान करीत गेल्यावर लांबी कोणत्या वेगाने वाढते ते विचारा. तो वेग त्या रेषेचा स्वभाव सांगतो. अशा आकृतींना १९७५ साली त्यांनी 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. लॅटिनमधील मोडलेले, तुटलेले या अर्थाच्या शब्दावरून ते आले आहे.

सरळ रेषा एक मितीची आणि कागदाचे पृष्ठ दोन मितींचे, हे आपण जाणतो. फार नागमोडी रेषा कागदाचा बराच भाग व्यापते. ती रेषेहून अधिक आणि पृष्ठाहून कमी असते. म्हणून तिची मिती एक आणि दोन यांच्यामध्ये, अपूर्णांकात येते. दक्षिण आफ्रिकेचा गुळगुळीत किनारा १.०२, ब्रिटनचा फाटका पश्चिम किनारा १.२५. गणिती लोक खेळावयास घेतात ती कोखची हिमकण-रेषा १.२६. महाराष्ट्राचे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे. नव्या नकाशाचे प्रमाण जुन्याच्या १८ पट बारीक, आणि लांबी ६५२ वरून ८७७, म्हणजे सुमारे १.३४ पट. १.३४ च्या लॉगॅरिदमला १८ च्या लॉगॅरिदमने भागून त्यात १ मिळविला की उत्तर १.१० च्या आसपास येते. हे उत्तर ढोबळ आहे, कारण दोनच मापे हाती आहेत आणि काय मोजावे याचे नियमही पन्नास वर्षांत बदलले असणार. पण कोकणकिनारा दक्षिण आफ्रिकेहून फाटका आणि ब्रिटनहून सौम्य, हे नकाशाकडे पाहून डोळ्यांना जे वाटते तेच आकड्यातही उतरते, याची आम्हांला मौज वाटली. समुद्र ज्यांना दूर आहे त्यांनी आपल्या बाणगंगेच्या पात्रावर किंवा महादेव डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या जाळ्यावर हाच प्रयोग दोरा घेऊन करावा. मोठ्या ओढ्याला लहान ओढा, लहानाला ओघळ, ओघळीला चरी. आणि प्रत्येक पायरीवर चित्र तेच. भाजीतला फ्लॉवर मोडून पाहिला तरी त्याच्या प्रत्येक तुऱ्यात आख्खा फ्लॉवर बसलेला दिसतो.

मेंदू हाही असाच मोडत, घड्या घालत वाढलेला अवयव आहे. त्याचे वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्याचे बाहेरचे आवरण उलगडून पसरले तर त्याचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते आणि त्याचा मोठा भाग, जवळपास दोन-तृतीयांश, घड्यांच्या खाचांत लपलेला असतो. एमआरआयच्या चित्रांवरून या घड्यांची मितीही काढतात. ती दोन आणि तीन यांच्यामध्ये येते. परंतु आमचा विषय मेंदूचा आकार नसून त्याची हालचाल आहे. त्यासाठी आपल्याला जर्मनीतील येना या गावी जावे लागेल.

हान्स बर्गर हे तेथील मनोरुग्णालयातले डॉक्टर. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडून थोडक्यात वाचले होते. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला ते संकटात असल्याचा भास झाला आणि घरून तार आली. एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत काहीतरी जाते, अशी त्यांची समजूत झाली आणि ते 'काहीतरी' पकडण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. ते कधी सापडले नाही. पण १९२४ साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून त्यांनी मेंदूचा विद्युत आलेख पहिल्यांदा टिपला आणि खात्री पटेपर्यंत पाच वर्षे थांबून १९२९ साली तो प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो तो हाच. भ्रामक कल्पनेच्या मागे लागलेला मनुष्यही प्रामाणिकपणे मोजत राहिला तर त्याच्या हाती सत्य लागू शकते, याचे एवढे चांगले उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात थोडेच असेल.

डोक्याच्या कातडीवर पोहोचणारा हा विद्युतदाब फार क्षीण असतो, व्होल्टच्या दहा लाखांश भागांत मोजावा लागतो. साधारण १० ते १०० असे भाग. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील बाजूस सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी लय दिसते. डोळे उघडले की ती मोडते आणि आलेख बारीक, घाईच्या अक्षरासारखा दिसू लागतो. गाढ झोपेत लाटा मोठ्या आणि संथ होतात. मुरलेला मेंदूतज्ज्ञ हे आलेख तसेच वाचतो, जसे आपण एखाद्याच्या चालण्यावरून त्याचा थकवा ओळखतो. पण नजर दमते, दोन नजरांत मतभेद होतात, आणि चोवीस तासांचा आलेख पानोपान वाचावयास माणसे कुठून आणावीत? तेथे आकड्याची गरज भासली. किनारा जमिनीवरचा होता, हा काळावरचा आहे, एवढेच अंतर.

जपानी शास्त्रज्ञ हिगुची यांनी १९८८ साली यासाठी एक पद्धत सुचविली. तिचा गाभा आम्ही येथे वहीवर करून दाखवितो. समजा, आलेखावरची नऊ लागोपाठची मापे अशी आहेत : ४, ७, ५, ८, ३, ५, २, ६, ९. शेजारच्या दोन आकड्यांमधील फरक, वर असो की खाली, घेऊन बेरीज करा : ३, २, ३, ५, २, ३, ४, ३. बेरीज २५. आता एक आड एक आकडा घ्या : ४, ५, ३, २, ९. फरकांची बेरीज ११. आता चार-चार घरांची उडी मारा : ४, ३, ९. बेरीज ७. कंपासाचे पाय फाकवत नेले तसतशी लांबी २५ वरून ११ आणि ११ वरून ७ वर आली. याउलट १, २, ३ असे ९ पर्यंत चढत जाणारे आकडे घेतले तर उडी एकाची असो, दोनाची असो की चाराची, बेरीज प्रत्येक वेळी ८ च भरते. ती सरळ रेषा, तिची मिती १. ज्या आलेखात काहीच सुसूत्रता नाही, प्रत्येक माप लॉटरीसारखे येते, त्याची मिती २. मेंदूचा आलेख या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. प्रत्यक्षात सेकंदाला २०० ते ५०० मापे घेतात, उडीची सुरुवात वेगवेगळ्या घरांपासून करून सरासरी काढतात आणि संगणक ते क्षणात करतो. पण त्यात वर दाखविल्याहून निराळे तत्त्व नाही. आठवीच्या मुलांना हे जमते, आम्ही करून घेतले आहे.

जागेपणी, डोळे उघडे असताना ही मिती चढी असते. गाढ झोपेत आणि भूल दिल्यावर उतरते. भूल किती खोल गेली हे पाहण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, यावर संशोधन झाले आहे. वृद्धांच्या अल्झायमर या स्मृतिनाशाच्या आजारात निरोगी समवयस्कांपेक्षा ती खालावलेली आढळल्याचे अनेक अभ्यासांत नोंदवलेले आहे. चालण्याच्या लयीचाही असा अभ्यास झाला. आपली दोन पावलांमधली वेळ घड्याळासारखी नेमकी नसते, ती किंचित हलते आणि त्या हलण्यातही एक दूरवर पसरलेला मेळ असतो. म्हातारपणी आणि हंटिंग्टनसारख्या चेताविकारात तो मेळ विस्कटतो, असे १९९७ साली अमेरिकेत दाखविले गेले. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूविषयी आमचे वाचक हमखास विचारतील. विपश्यना करणाऱ्यांच्या मेंदूचे आलेख बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत व अन्यत्र घेतले गेले आहेत आणि त्यांत लक्षणीय बदलही दिसले आहेत. पण फ्रॅक्टल मितीबाबत ध्यानावरचे निष्कर्ष सगळीकडे एकसारखे येत नाहीत. तेव्हा 'विज्ञानाने सिद्ध झाले' अशी घाईची घोषणा आपण तरी करू नये. येऊन पाहा, पारखून घ्या, असे ज्या परंपरेत सांगितले जाते तिला ते शोभणार नाही.

या पद्धतीचा सर्वांत जुना आणि सर्वांत जोमाचा उपयोग झाला तो अपस्माराच्या अभ्यासात. आपल्याकडे फेफरे, आकडी, मिरगी, नुसते 'फिट येणे' अशा अनेक नावांनी तो ओळखला जातो. लोकांची समजूत अशी की, फिट येते तेव्हा मेंदूत गोंधळ माजतो. आलेख वेगळेच सांगतो. आठवडी बाजारात उभे राहिले की हजार आवाजांची गुणगुण कानी पडते. कोणी भाव करतो, कोणी हाका मारतो, कोणी भांडतो. तो निरोगी मेंदू. त्याच बाजारातील सारी माणसे एकाएकी एकच शब्द एका ठेक्यात ओरडू लागली तर? तो अपस्माराचा झटका. लक्षावधी पेशी आपापले काम सोडून एका ठेक्यावर नाचू लागतात. रोग हा येथे अतिरेकी शिस्तीचा आहे, अशी गंमत. मग आलेखाची गुंतागुंत, म्हणजेच तिची मिती, बदलली पाहिजे हे ओघाने आले.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या आत बसविलेल्या तारांनी टिपलेल्या ३५ झटक्यांवर हा प्रयोग करण्यात आला. प्रत्येक तारेची मिती वेळेनुसार मांडल्यावर झटका कोठे सुरू झाला आणि कसा पसरला, याचे चित्र एका नजरेत दिसू शकले. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे, कारण औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांमध्ये झटक्याचे मूळ असलेला मेंदूचा लहानसा भाग काढून टाकता येतो. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रियांचा कार्यक्रम चालतो. मूळ नेमके कुठे आहे हे कळणे हाच तेथे कळीचा प्रश्न.

तरीही सांगितले पाहिजे की, मिती मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि त्या प्रत्येक वेळी एकमुखाने बोलत नाहीत. एखादी पद्धत लाटेच्या उंचीलाही भुलते, म्हणून झटक्यात मिती वाढल्याचे सांगते. दुसरी केवळ लयीकडे पाहते आणि घटल्याचे सांगते. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली मेंदूच्या आलेखांचे ५०० तुकडे, प्रत्येकी २३.६ सेकंदांचे, जगाला मोफत वापरावयास दिले. त्यांवर जगभर, भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही, शेकडो प्रबंध लिहिले गेले. अनेकांत संगणक झटका ओळखण्यात जवळपास शंभर टक्के यशस्वी झाल्याचे वाचावयास मिळते. वाचून हुरळून जाण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की, ते ५०० तुकडे अवघ्या १० माणसांचे आहेत. पाच निरोगी, पाच रुग्ण. शिवाय ते निवडून, स्वच्छ करून दिलेले आहेत. खऱ्या खोलीतले मूल रडते, डोळे मिचकावते, दात चावते आणि त्या प्रत्येक हालचालीचा ओरखडा आलेखावर उमटतो. आमचे जे माजी विद्यार्थी आज संगणक अभियंते आहेत त्यांनी या क्षेत्रात जरूर यावे, पण दहा माणसांवरून दहा कोटींविषयी बोलू नये.

आता वर्गाकडे वळू. लहान मुलांत अपस्माराचा एक प्रकार असा असतो की, मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. वाचता वाचता ते एकाएकी थांबते, नजर कोरी होते, पापण्या किंचित थरथरतात. पाच-दहा सेकंदांनी ते पुन्हा जिथल्या तिथून वाचू लागते. मधले त्याला काही आठवत नाही. दिवसातून असे अनेकदा घडू शकते. १९३५ साली अमेरिकन संशोधकांनी दाखविले की, त्या काही सेकंदांत मेंदूच्या आलेखावर सेकंदाला तीन या ठेक्याने टोकदार लाटांची एक सुबक माळ उमटते. बाजार एका शब्दात ओरडत असतो. आणि वर्गात? वर्गात गुरुजी म्हणतात, लक्ष कुठे आहे तुझे? आम्ही शिक्षक मंडळी या ठिकाणी जरा थांबलो तर बरे. जे मूल दिवसातून वीस वेळा असे हरवते, त्याच्या वहीतील गाळलेल्या ओळींना आळस म्हणावयाचे की आजार, हे पहिल्यांदा शिक्षकाच्या किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाच्या नजरेवर ठरते. हा प्रकार औषधाने बहुतेक मुलांत आटोक्यात येतो. निवासी शाळेत आईबाप दूर असतात. पाहणारे डोळे आपलेच.

अपस्माराचे प्रमाण आपल्याकडे किती, याची एक जुनी आणि काळजीपूर्वक केलेली मोजणी मुंबईतील आहे. भरुचा आणि सहकाऱ्यांनी तेथील पारशी समाजात घरोघर पाहणी करून १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : दर हजारी ४.७ व्यक्तींना कधी ना कधी अपस्मार झालेला, आणि ३.६ जणांना तो त्या काळातही सुरू असलेला. पारशी समाज शिकलेला, शहरी, दवाखान्याजवळ राहणारा. तरीही प्रमाण एवढे, म्हणजे हा कोणा एका जातीचा, गरिबीचा वा गावंढळपणाचा रोग नव्हे. देशभरात एक कोटीहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज सांगितला जातो. जगातले सुमारे पाच कोटी, त्यांतील जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. योग्य उपचार मिळाल्यास १०० पैकी ७० रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्याच वेळी हेही सांगते की, गरीब देशांतील बहुसंख्य रुग्णांपर्यंत हे उपचार पोहोचत नाहीत. औषधे महाग आहेत म्हणून नव्हे. फेनोबार्बिटोनसारखे जुने औषध अतिशय स्वस्त आहे. मग वाट अडते कुठे?

ती देवऋष्याच्या अंगणात अडते, लग्न मोडेल या भीतीत अडते. झटका आला की कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, लोखंडाची किल्ली मुठीत कोंबणे हे फलटण तालुक्यात अजून कोणी पाहिले नाही असे होणार नाही. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि श्रेय कांद्याला मिळते. विद्युतलहरींचे गणित आम्ही इतक्या तपशिलाने मांडले ते याच कारणासाठी. ज्या गोष्टीला मिती आहे, जी वहीवर बेरीज करून मोजता येते, ती अंगात येणारी बाधा कशी असेल?

बाधा आणि आजार यांतला हा भेद नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात मगध देशात पसरलेल्या पाच रोगांची नोंद आहे आणि त्यांत कुष्ठ, गंड, किलास व शोष यांच्या पंगतीला 'अपमार', म्हणजे अपस्मार, बसविलेला आहे. जीवकाकडून उपचार मिळावेत म्हणून लोक संघात शिरू लागले, त्यामुळे अशा रुग्णांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला, ही त्यामागची कथा. नियम आजच्या मनाला कठोर वाटेल. परंतु यादी काय म्हणते ते पाहावे : अपस्मार हा त्वचारोग आणि क्षय यांच्याबरोबरचा, वैद्याने पाहावयाचा रोग आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेला जे कबूल होते, ते नाकारण्याचा हक्क आज आपल्याला कसा पोहोचतो?

आपल्या सातारा जिल्ह्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी याच प्रश्नावर आयुष्य खर्ची घातले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. दुसरा एक कायदा फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाच्या वैधतेआड येणारी बाब होती; १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द दोन्ही कायद्यांतून काढून टाकण्यात आला. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, तेव्हा ही दुरुस्ती आपल्या घरातील मुलामुलींचीही आहे. रोग लपवून लग्न जमविण्यापेक्षा सांगून जमविणे आता कायद्याच्या दृष्टीनेही सोपे झाले आहे. पुण्यात 'संवेदना फाउंडेशन' हा अपस्मार असणाऱ्यांचा स्वमदत गट या कामी बळ देतो.

एक कारण टाळता येण्यासारखे आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख करतो. आपल्या देशात मेंदूत फीतकृमीच्या अळ्या जाऊन त्यांच्या गाठी होणे हे झटक्यांचे नेहमी आढळणारे कारण आहे. ही कृमी डुकराच्या मांसाशी निगडित असली तरी तिची अंडी मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, शौचानंतर न धुतलेल्या हातातून पोटात जातात. त्यामुळे जन्मभर मांस न खाल्लेल्यालाही हा विकार होतो. वसतिगृहाच्या मोरीवरचा साबण हे मेंदूचे औषध आहे, असे आम्ही मुलांना सांगतो तेव्हा ती हसतात.

झटका आलाच तर काय करावे? जवळच्या कठीण वस्तू बाजूला सारा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कपडे सैल करा, झटका ओसरू लागताच मुलाला एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा, बोट, कापड काहीही घालू नका. शुद्ध पूर्ण येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा शुद्धीवर न येताच दुसरा सुरू झाला तर वाहन बोलवा आणि रुग्णालय गाठा. जवळ कोणी मोकळे असेल तर त्याने मोबाईलवर चित्रण करावे. ते अनोळखी लोकांना पाठवावयाचे नाही, डॉक्टरांना दाखवावयाचे आहे. डॉक्टर झटका क्वचितच डोळ्यांनी पाहतात, त्यामुळे एका मिनिटाचे हे चित्रण दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडते.

पुढे बारामती, सातारा किंवा पुण्याला ईईजी करावयास सांगितले गेले की घरात दोन शंका हटकून निघतात. पहिली, डोक्याला शॉक देतात का? नाही. यंत्रातून डोक्यात काहीही जात नाही. डोक्यातून जे येते ते फक्त टिपले जाते. दुसरी, आलेख चांगला आला म्हणजे रोग नाही ना? तसेही नाही. अपस्मार असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांचा पहिला आलेख निर्दोष येतो, कारण त्या अर्ध्या तासात बाजार नेहमीसारखाच गुणगुणत असतो. अशा निर्दोष दिसणाऱ्या आलेखातही मितीच्या मोजणीने काही खूण सापडेल का, हाच आजच्या संशोधनातला एक मोठा प्रश्न. तोवर पुन्हा आलेख काढावा लागतो, कधी झोपेत, कधी रात्रभर जागरण करवून. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नये. झटक्यांच्या तारखा लिहिलेली वही बरोबर न्यावी. आणि आदल्या दिवशी मुलाचे केस शाम्पूने स्वच्छ धुवावेत, खोबरेल लावू नये. तेलकट कातडीवर तारा नीट बसत नाहीत आणि इतक्या लांबून आणलेल्या मुलाचा आलेख पुसट येतो.